ऊब मोजून घ्यावी

नागपंचमीच्या दिवशी माझ्या माहेरी चुलीवर तवा चढत नसे. विळीलाही त्या दिवशी विश्रांती असे. काही चिरायचे नाही, भाजायचे नाही, तळायचे नाही. पुरणाची दिंडे उकडायची आणि पाटावर गंधाने रेखलेल्या नागाला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवायचा. असे का, म्हणून मी एकदा आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली होती, “आपल्या तव्याचा चटका जमिनीखालच्या नागाला बसतो.” हे उत्तर मनाच्या कुठल्याशा कोनाड्यात साठ वर्षे पडून होते. ते आठवले गेल्या डिसेंबरात, मँचेस्टरला मुलाच्या घरी, एका खऱ्याखुऱ्या सापाच्या पेटीसमोर स्टूल घेऊन बसले असताना.

माझ्या बारा वर्षांच्या नातीने साप पाळला आहे, हे नाशिकच्या मैत्रिणींना सांगताना माझी जीभ अजूनही जरा अडखळते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप पकडणे आणि पाळणे हा गुन्हा आहे, आणि तो तसा आहे हे योग्यच आहे. ब्रिटनमध्ये मात्र बंदिवासातच जन्मलेले काही बिनविषारी साप रीतसर विकत मिळतात. नातीचा साप ‘कॉर्न स्नेक’ या जातीचा. ही जात मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली. केशरी अंग, त्यावर तांबडे पट्टे, आणि स्वभाव इतका शांत की पहिल्या आठवड्यानंतर मला त्याची भीती वाटेनाशी झाली. नातीने तिचे नाव ठेवले आहे केशर. नीट सांभाळले तर असा साप पंधरा-वीस वर्षे जगतो, म्हणजे नात शिकून स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत तो तिची जबाबदारी असणार. तिथल्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानेही पाळीव प्राण्याला त्याच्या गरजेनुसार निवारा देणे मालकावर बंधनकारक आहे. त्या निवाऱ्यातली सर्वांत मोठी गरज कोणती, तर ऊब.

सापाला आपण शीतरक्ती म्हणतो. हा शब्द थोडा फसवा आहे. त्याचे रक्त थंडच असते असे नाही. त्याच्या शरीराला स्वतःची पुरेशी उष्णता निर्माण करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या देहात जी शेगडी आयुष्यभर तेवत असते ती त्याला बाहेर शोधावी लागते. सकाळी उन्हात यायचे, अंग तापले की सावलीत जायचे, असा त्याचा दिनक्रम. खाल्लेले पचवण्यासाठीही त्याला बाहेरची उष्णता लागते. ती न मिळाली तर गिळलेले अन्न पचत नाही आणि तो ते बाहेर टाकतो. म्हणून केशरच्या लाकडी पेटीची एक बाजू २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसरी बाजू २० ते २४ अंश ठेवावी लागते. दोन्ही बाजूंना लपायला एकेक छोटे घरकुल. तिला हवे तेव्हा उबेत जाता यावे आणि नको तेव्हा बाहेर पडता यावे, हा त्यामागचा हेतू.

नाताळच्या सुट्टीत एका रात्री या व्यवस्थेतली तापणारी चटई बंद पडली. बाहेर पारा शून्याच्या आसपास. मुलाने घराचे हीटिंग रात्रभर चालू ठेवले आणि नव्या साधनाची सोय होईपर्यंत केशरला खायला द्यायचे नाही, असे नातीने ठरवले. दुसऱ्याच दिवशी शेजारचा एक मुलगा मदतीला धावून आला. त्याने पूर्वी पाल पाळली होती, आणि तिच्यासाठी आणलेला तापणारा दगड त्याच्याकडे पडून होता. विजेची तार जोडलेला, खडकासारखा दिसणारा सिमेंटचा ठोकळा. तो पेटीत ठेवायचा, बटण दाबायचे, की साप त्यावर वेटोळे घालून बसणार. नातीला तो फारच आवडला. मलाही आवडला. उन्हात तापलेल्या कातळावर पहुडलेला साप कोणी पाहिलेला नाही!

तो दगड आम्ही आधी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तासभर तापवून पाहिला. मी त्यावर तळहात ठेवला आणि मोठ्या अधिकाराने सांगितले, “छान कोमट आहे. ठेव बिनधास्त.” पन्नास वर्षे तव्यावरची पोळी उलटणाऱ्या हाताचा तो निर्वाळा होता. पण नातीने ड्रॉवरमधून लांबून तापमान सांगणारे यंत्र काढले. करोनाच्या काळात दुकानांच्या दारात कपाळासमोर धरत असत, त्याच जातीचे. दगडाच्या मध्यभागी आकडा आला ३४. तार आत शिरते त्या कोपऱ्याजवळ आला ४८.

“आजी, अगं, हा एकाच दगडात दोन दगड आहे,” ती म्हणाली.

मी हात मध्यभागी ठेवला होता, आणि तोही क्षणभर. केशर त्यावर रात्रभर बसली असती.

तो ४८ चा आकडा पाहून माझ्या पोटात गोळा आला, त्याला कारण सापाचे नव्हते. आमच्या ह्यांना बावीस वर्षांपासून मधुमेह आहे. तळपायांची संवेदना हळूहळू गेलेली; घरात चालताना एका पायातली सपाता निसटून मागे राहते आणि ह्यांच्या ते गावीही नसते. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत नाशिकला कडाक्याची थंडी पडली होती. पाय गारठले म्हणाले, म्हणून मी रबरी पिशवीत गरम पाणी भरले, ती टॉवेलात गुंडाळली आणि पांघरुणात पायांशी ठेवली. पहाटे उठून पाहते तो टॉवेल पलंगाखाली पडलेला, पिशवी उघडी, आणि डाव्या पायाच्या कडेला हाताच्या पंजाएवढा फोड. ह्यांना रात्रभर झोप उत्तम लागली होती. दुखले काहीच नव्हते. जखम चार महिने चिघळत राहिली आणि अखेर करंगळी काढावी लागली. डॉक्टरांनी मला दोष दिला नाही, मुलाने दिला नाही, ह्यांनी तर शब्दही काढला नाही. पण टॉवेल मी सैल गुंडाळला होता, हे माझे मला ठाऊक होते. रोज जखम धुताना मी ते स्वतःला सांगत असे.

तो तापणारा दगड आम्ही परत दिला आणि संध्याकाळी नातीबरोबर मी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दुकानात गेले. ह्यांनाही सोबत घेतले. एकटे घरी बसवत नव्हते. दुकानातली मुलगी विशी-बाविशीची असेल, पण तिचे ज्ञान पक्के होते. तापणाऱ्या दगडाचे नाव काढताच तिने मान हलवली. अशा दगडांनी पोट भाजलेले साप तिने पाहिले होते. पोटाखालचे खवले आधी लालसर होतात, मग त्यांत पाणी भरते, आणि मालकाच्या लक्षात येईपर्यंत खालचे मांस दुखावलेले असते. अशा वेळी घरगुती मलम लावत न बसता सापाला थेट पशुवैद्याकडे न्यावे लागते.

मी विचारले, “पण चटका बसला तर तो उठून बाजूला का होत नाही? त्याला कळत नाही का?”

नातीने माझा प्रश्न तिला इंग्रजीत सांगितला आणि तिचे उत्तर मला मराठीत. सापाला उष्णता कळत नाही असे नव्हे, ती म्हणाली. काही अजगरांच्या ओठांवर तर भक्ष्याच्या अंगची ऊब दुरून टिपणाऱ्या खाचा असतात. पण निसर्गात त्याला ऊब मिळते ती मुख्यतः वरून, सूर्याची. सतत आतून तापत राहणारा, संध्याकाळ झाली तरी निवायचे नाव न घेणारा खडक निसर्गात नसतो. आणि दुसरे असे की, पेटी गार असेल आणि एकच वस्तू गरम असेल, तर साप त्या वस्तूला चिकटूनच बसणार. पाठ गार आणि पोट भाजते आहे, अशा अवस्थेत त्याचे शरीर अजून ऊबच मागत राहते. लपायची जागा फक्त त्या गरम बाजूलाच असेल, तर तो सुरक्षित वाटावे म्हणून तिथेच थांबतो, अंग पोळले तरी.

हे ऐकत असताना हे माझ्या मागे खुर्चीवर बसले होते. ते एकदम म्हणाले, “अगं, तो टॉवेल मी काढला होता.”

मला आधी कळेचना, कोणता टॉवेल.

“त्या रात्रीचा. तू झोपल्यावर. पिशवी गरमच लागेना, म्हणून टॉवेल काढून टाकला आणि पाय नीट टेकवला. तरी काही लागेना. म्हणून आणखी दाबून धरला.”

“अहो, मग दोन वर्षांत बोलला का नाहीत?”

“तू इतकी काळजी घेत होतीस. म्हटले, माझ्या मूर्खपणामुळे झाले हे कशाला सांगू?”

दुकानातल्या त्या मुलीला आमच्यात काय चालले आहे ते समजले नाही. नात समजून चुकली होती. तिने गुपचूप आजोबांचा हात धरला. मला मात्र त्या क्षणी हलके वाटले, असे म्हणता येणार नाही. दोन वर्षे एका खोलीत झोपणाऱ्या दोन माणसांनी एकाच टॉवेलाचे ओझे वेगवेगळे वाहिले होते. आणि त्याहून मोठी गोष्ट होती ती वैद्यकीय. ह्यांनी मूर्खपणा केला नव्हता. बधिर झालेल्या पायाला ऊब पोहोचत नाही, म्हणून तो आणखी ऊब मागतो. आणि जितकी मागतो तितका भाजतो. हे आम्हा दोघांनाही कोणी आधी समजावले असते, तर ती पिशवी पांघरुणात गेलीच नसती.

शेवटी आम्ही काय घेतले ते सांगते. चिनी मातीचा, प्रकाश न देणारा शंभर वॅटचा तापक. रात्री दिव्याचा लखलखाट नको आणि लाल दिवासुद्धा नको, कारण सापालाही अंधार हवा असतो. हा तापक पेटीच्या छताला एका टोकाशी बसवतात, म्हणजे ऊब उन्हासारखी वरून येते. त्याचा स्वतःचा पृष्ठभाग मात्र भयंकर तापतो, म्हणून त्याला चिनी मातीचाच होल्डर लागतो आणि सभोवती धातूची जाळी लागते. साप बारीक फटीतूनही चढून जातो. जाळी नसेल तर तो थेट तापकाला विळखा घालतो. याखेरीज थर्मोस्टॅट तर हवाच. नव्या चटईची निवड केली असती, तरी थर्मोस्टॅट टळला नसता. शिवाय चटईवर भुशाचा जाड थर दिला तर खाली उष्णता कोंडते, आणि साप भुसा उकरून नेमका तिथेच जाऊन निजतो, हेही त्या मुलीने बजावले.

थर्मोस्टॅटविषयी ती जे बोलली ते माझ्या कायमचे लक्षात राहिले. या उपकरणाच्या तारेच्या टोकाशी एक छोटा संवेदक असतो. तो जिथे असेल तिथले तापमान पाहून थर्मोस्टॅट तापकाला आवरतो. पण सापाच्या हालचालीने हा संवेदक निसटून गार कोपऱ्यात पडला, तर उपकरणाला वाटते की पेटी अजून गारच आहे, आणि ते तापकाला आणखी पेटवत राहते. यंत्र बिघडलेले नसते. त्याला खोटी खबर मिळत असते. म्हणून संवेदक पक्का बसवायचा, आणि थर्मोस्टॅटवर विसंबून न राहता दोन्ही बाजूंना वेगळे डिजिटल थर्मामीटर लावायचे. मी ह्यांच्या पायाकडे पाहिले. बावीस वर्षांच्या साखरेने तिथला संवेदक असाच जागेवरून निसटला होता.

नवी व्यवस्था लावल्यावर नातीने केशरला लगेच पेटीत सोडले नाही. दोन दिवस तिला एका हवेशीर झाकणाच्या डब्यात, हीटिंग चालू असलेल्या खोलीत ठेवले आणि रिकाम्या पेटीचे आकडे वहीत लिहिले. सकाळ, दुपार, रात्र. गरम बाजू २९ वर आणि गार बाजू २२ वर स्थिर झाली, तेव्हाच केशर घरी परतली. पहिल्या रात्री ती उबेच्या घरकुलात शिरली, आणि पहाटे पाहिले तर गार बाजूच्या घरकुलात निवांत पडलेली. नात म्हणाली, “आजी, ती निघून गेली म्हणजे आपलं बरोबर आहे.” काळजी घेण्याची याहून चांगली कसोटी मला सांगता येणार नाही. उबेपाशी आलेला जीव आपणहून उठून जाऊ शकला पाहिजे.

घरी वयस्क माणसांची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांपुढे हे सारे मांडण्याचे कारण तेच आहे. वय वाढते तशी त्वचा पातळ होते. मधुमेह, पक्षाघात, झोपेची औषधे यांनी संवेदना किंवा जाग मंदावते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तर कुशीवर वळून उष्णतेपासून दूर होताही येत नाही. भाजायला उकळते पाणीच लागते, हा आपला मोठा गैरसमज. ४४ अंशांची वस्तू, म्हणजे हाताला नुसती सुखद गरम वाटणारी, सलग पाच-सहा तास एकाच जागी त्वचेला टेकून राहिली तरी भाजते. ६० अंशांच्या पाण्याला काही सेकंद पुरतात.

म्हणून आमच्या घरात आता काही नियम आहेत. पायांची संवेदना गेलेल्या माणसाच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी किंवा विजेवरची शेकण्याची गादी ठेवायची नाही. फारच थंडी असेल तर पिशवीने अंथरूण आधी गरम करून घ्यायचे आणि माणूस निजण्यापूर्वी पिशवी बाहेर काढायची. पायांना सैल लोकरी मोजे. ऊब एका बिंदूला न देता खोलीला द्यायची. खिडकीच्या फटी बुजवायच्या, पांघरुणे दोन घ्यायची. हीटर लावलाच तर तो पलंगापासून आणि कपड्यांपासून लांब ठेवायचा. अंघोळीचे पाणी ज्याला संवेदना नाही त्याने स्वतःच्या पायाने तपासायचे नाही. दुसऱ्याने कोपर बुडवून पाहावे, त्याहून बरे म्हणजे थर्मामीटरने मोजावे. आणि रोज रात्री तळपाय पाहायचे, बोटांच्या बेचक्यांसह. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून.

चटका बसल्याचे लगेच लक्षात आले, तर भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट नको. मधुमेही माणसाच्या पायाचा चटका कितीही लहान दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. आम्ही पहिले दोन दिवस हळद लावण्यात घालवले होते.

रबरी पिशवीचेही एक आयुष्य असते, हे मला सूनबाईंनी दाखवले. तिथल्या पिशव्यांच्या तोंडाशी फुलासारखे एक चिन्ह उठवलेले असते. मधला आकडा उत्पादनाचे वर्ष आणि पाकळ्या महिने सांगतात. दोन वर्षांनी पिशवी बदलावी आणि तिच्यात उकळते पाणी कधीच भरू नये, असे तिथे सांगतात. नाशिकला परतल्यावर मी आमची जुनी पिशवी काढून पाहिली. तिच्यावर चिन्ह नव्हते, पण गळ्याशी रबराला भेगा मात्र होत्या. ती केव्हा घेतली होती, ते आम्हा दोघांनाही आठवेना.

आता आमच्या स्नानघरात नव्वद रुपयांचा एक थर्मामीटर दोरीने टांगलेला आहे. ह्यांना आधी ते पोरकट वाटले. मग तेच रोज आकडा मोठ्याने वाचू लागले. रविवारी नातीचा फोन येतो. मी विचारते, “केशरची पेटी किती?” ती सांगते, “एकोणतीस आणि बावीस.” मग ती विचारते, “आजोबांचे पाय पाहिलेस?” मी सांगते, पाहिले, काही नाही.